पुस्तकात नसलेली रोटी

मोहिरा ओपा,

तुझं पुस्तक उशाशी ठेवलंय. तू इतकं डोक्यावर घेतलं होतंस, की मी फक्त शेवटाची वाट बघत वाचलं. भिंतीआड कोंडलेल्या शहरातून पळालेली ती पोरगी बहिणीसाठी परत येते आणि निघताना एक घास चावून ठेवलेली रोटी संपवते, असंच सांगायचीस ना? पुस्तकात ती परत येतच नाही. रोटीही नाही. सगळं तुझ्या पदरचं! एरवी पुस्तक आवडलं असतं गं ताई.

रशियाला जाताना बोतिरदादाने रिवाजाप्रमाणे, परत येऊन संपवायची म्हणून चावलेली रोटी भिंतीवर टांगून दगड झालीय. आई अजून तिच्यावरची धूळ पुसते.

आई बाजारातून यायच्या आत मीही रशियालाच निघते. माझी रोटी न चावता अख्खी ठेवलीय. ताजी आहे, आजच खाऊन टाका.

शाहलो