मेलेला कप्तान परत आला म्हणून

धाकट्या,

ड्यूटीवर निघालेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. कालसारखा उपाशी राहू नकोस.

त्या अंतराळवाल्या मालिकेबद्दल माझं मत बदललेलं नाही. अख्खा सीझन मला कप्तानाच्या मरणावर रडवलं आणि काल त्याला एका यंत्रातून धडधाकट बाहेर काढलं! अशानं कुणाच्याच मरणाला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा आपली खुनांची मालिका बरी. इन्स्पेक्टर बिनडोक आहे, खुनी जाहिरातीआधीच ओळखू येतो, पण तिथे गेलेला माणूस गेलेला असतो.

हेच मी काल तावातावाने बोलत सुटले आणि तू भरल्या ताटावरून उठलास. तुला तो भाग इतका का आवडला, ते मला तू दार आपटल्यावर कळलं. बाबा गेल्यापासून तू एकदाही रडला नाहीस, आणि मी तुझ्यासमोर मेलेल्या माणसांवर अक्कल पाजळत बसले.

माझा राग मालिकेवर होता रे, तुझ्यावर नाही. संध्याकाळी तोच भाग पुन्हा लावू. लेखक गाढव आहे तो आहेच, पण मी तोंडातून ब्र काढणार नाही.

ताई