डावीकडचा हात

अड्याळ, ९ फेब्रुवारी १९८१

प्रिय ललिता,

आपल्या काळ्या मोटारीच्या दारांची रबरं मी सायकलच्या ट्यूबमधून कापली. इंजिनाची पॅकिंगं जाड पुठ्ठ्याची, तीही मीच कातरली. रेडिएटरची गळती डाग देऊन बुजवली, कार्ब्युरेटरच्या पितळी फ्लोटला पडलेलं भोक कथील लावून झाळलं, मागची सीट भरून शिवली ती तुझ्या आईच्या सुईनं. कुठल्याही गॅरेजात शिकायला गेलो नाही. हे सगळं मांडतो ते अशासाठी, की पुढे लिहिलंय ते गाडीतलं न कळणाऱ्या माणसाचं बोलणं समजू नकोस.

तू लिहिलंस, ती गाडी विका, तरच बाळंतपणाला घरी येईन. सातवा लागला तुला. तुझी भीती मी खोटी म्हणत नाही. दिवाळीत तू दिवस गेल्याची बातमी दिलीस, त्याच दुपारी शेडमध्ये बंद उभ्या गाडीच्या दोन दारांमधल्या डाव्या खांबातून वळण दाखवायचा तो केशरी हात आपोआप बाहेर आला. तू ओट्यावरून उठून आत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी सासरी सानगडीला परतलीस. तोवर माझ्या जोडणीनं कधी दगा दिला नव्हता.

मी बिघाडच समजलो. असा हात उठला की आधी स्विच उघडावा, आतलं पातं चिकटलेलं असतं. आपलं साफ होतं. मग वायर बघावी, खांबातून जाताना तिचं कव्हर घासून शॉर्ट होतं. ती नवी घातली. तरी उठायचा. शेवटी बॅटरीच काढून घरात फळीवर ठेवली आणि भर दुपारी समोर स्टूल टाकून बसलो. करंटच नाही, तर आतली कॉइल ओढणार कशानं? हात उठला. त्यातला दिवाही लागला. थोडा वेळ तसाच राहिला आणि सावकाश मिटला.

तुझ्या आईला तो कधी पटला नाही, आठवतं ना? "त्या लोखंडाच्या बोटावर माहा भरोसा नाही," म्हणायची आणि डावं वळण आलं की बांगड्यांसकट स्वतःचा हात खिडकीबाहेर काढायची. एवढं खपून बसवलेलं यंत्र असताना ही लोकांना हात दाखवते म्हणून मी चिडायचो. "तुम्ही सामोर पाहा," एवढंच म्हणायची. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील.

संक्रांतीनंतर मी तो केशरी हात मुळासकट काढला आणि खाचेवर पत्रा झाळून टाकला. गेल्या सोमवारी देवरीहून परतताना साकोलीत, सानगडीच्या फाट्याजवळ, रेडिएटर तापला म्हणून गाडी हळू केली. मागच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर उतरून आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "बाईनं हात दाखवला म्हून वाचलो भाऊ, नाहीतं तुमच्या डिक्कीतच असतो." मग बाईंना रामराम करायला डाव्या खिडकीशी वाकला. गाडीत मी एकटाच. त्यानं सीट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली बिडी न पेटवता ट्रकमध्ये जाऊन बसला.

त्या फाट्यावरून डावीकडे वळलं की तुझं घर येतं, ललिता. वळायचं माझ्या मनातही नव्हतं.

पहिलटकरणीला आणायला आपल्यात बाईमाणूस जातं, ओटी घेऊन. मी सुंदरआत्याला दोनदा विचारलं. म्हणते, "मोटारीत चढन रे भाऊ, पन या गुडघ्यानं मले उतरवन कोन?" बापानं एकट्यानं कसं यावं म्हणून महिनाभर अडून होतो. आता अडत नाही. येत्या गुरुवारी येतो, ओटीचं सामान बांधून ठेवलंय. तू मागच्या सीटवर बस. पुढची डावी जागा रिकामी राहू दे. वळणावर बाहेर पाहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. जावईबापूंनी धाडलेला टेकचंद काल गाडी न्यायला आला होता. नऊ हजार रोख देत होता. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा