खिंडीतली दुपार

प्रिय बारक्या,

फोनवर तू मला हसवतोस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय. दुकान आत्ताच उघडलंय. मशीनवर कुणा आजोबांच्या चष्म्याची जाडजूड भिंगं घासायला लावलीत आणि शेजारी कागद घेऊन बसलेय. गिऱ्हाईक आलं की उठावं लागेल, तेव्हा अक्षर बदललं तर समजून घे.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण लिफ्टमध्ये बसत नाही. म्हणते, माझा मुलगा त्या दुरुस्त करतो, म्हणूनच मला भीती वाटते! परवा मावशी आली होती. तुझा मधाचा किस्सा पुन्हा रंगला, तू सांगतोस तसाच, नकलेसकट. ताई छातीवर बसली, अख्खी बाटली तोंडात ओतली, मिशा अशा चिकटल्या की तोंडच उघडेना. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसले. मग आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ती दुपार तुला माहीत नाही रे. तू तिथे होतास, तरी माहीत नाही.

त्या ट्रेकला सकाळपासून तू मस्त चालत होतास. मीच धापा टाकत होते आणि तू मला म्हातारी म्हणून चिडवत होतास. इन्सुलिनचं पेन गोठू नये म्हणून बनियनच्या आत ठेवलेलं, ते दर थोड्या वेळाने चाचपून बघायचास. लहानपणी दवाखान्यातून घरी आलास, त्या दिवसापासून मी तुझं हे चाचपणं बघतेय. खेळायला जाताना खिशात गोळ्या आहेत का, लग्नाला जाताना जेवण कधी वाढणार. बाकीची पोरं नुसती धावत सुटायची. तू आधी हिशोब करायचास.

खिंडीच्या अलीकडच्या चढावर वारा सुटला. डावीकडे सरळ कडा. वाटाड्या पुढे होता. मी मागे वळून बघितलं तर तू बर्फात बसून बुटाची नाडी सोडत होतास. अगदी निवांत. एक बूट काढून शेजारी नीट ठेवलास. मी ओरडले, अरे काय करतोयस? तू म्हणालास, घरी आलो ना.

तुझी शुगर बघायला बोट टोचलं, पण मशीनने आकडाच दाखवला नाही. थंडीने बंद पडलं होतं. काखेत धरून ऊब दिली, तरी नाही. वाटाड्या धावत आला आणि म्हणाला, उंची लागलीय, विरळ हवेने असं होतं, आत्ताच्या आत्ता खाली न्या. माझ्या गारठलेल्या बोटांना तुझी नाडी लागेना. उंची लागली असेल तर तो म्हणतो ते बरोबर. पण साखर उतरली असेल, तर त्या उतारावर तू दहा पावलंही चालला नसतास. तुझी मान धरली आणि हाताला ओलं लागलं. त्या वाऱ्यात तुला घाम फुटला होता. साखर उतरली की तुला असाच घाम येतो, तेव्हा मी ठरवलं, आधी मध.

पुढचं तू सांगतोस तसं नाही. बाटली ओतली असती तर तू गुदमरलाच असतास. वाटाड्याने तुला मागून धरलं आणि मी बोटाने मध गालाच्या आत चोळत राहिले. तू चावलास. माझा चष्मा उडवलास, तो कड्यावरून खाली गेला. चष्म्याच्या दुकानातली बाई आंधळ्यासारखी खाली उतरली, ह्यावर वाटाड्या नंतर खूप हसला. मी मात्र तेव्हा तुझं तोंड दोन्ही हातांत धरून नुसती नाव घेऊन हाका मारत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तू डोळे बारीक केलेस आणि वैतागून विचारलंस, माझा बूट कुणी काढला? मी रडायला लागले, तर तू मलाच समजावलंस.

पण त्याच्या आधी, चावून झाल्यावर, तू एकदम शांत झाला होतास. माझ्याकडे बघितलंस, ओळखून बघितलंस, आणि म्हणालास, ताई, नको ना ग. मला इथेच राहू दे. दमलो मी रोज रोज. हे मी आईला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. साखर उतरली की माणूस काहीही बरळतो, असं मी मनाला सांगत आले. काल आईने सांगितलं, तू पुन्हा त्याच खिंडीत निघालायस. ह्या वेळी एकटा, वाटाड्याही नको म्हणालास. शनिवारी दुकान लवकर बंद करून मी तुझ्याकडे येतेय. तू जाऊ नकोस म्हणायला नव्हे. तिथे ते कोण बोललं, साखर की तू, एवढं मला समोर बसून सांग. दमला असशील तर दमलो म्हण, मी ऐकेन. फक्त मला हसवू नकोस.

उत्तराला घाबरलेली, तरीही येणारी,
तुझीच ताई