चष्मेवाल्याचा व्हिसा

१८ ऑगस्ट, सकाळ
अ‍ॅडमिशन मिळालं! डोळे तपासण्याचा दोन वर्षांचा कोर्स, परदेशी कॉलेज. तिसऱ्या वर्षी का होईना, त्यांना माझी किंमत कळली. कोर्स सप्टेंबरच्या शेवटी सुरू. म्हणजे व्हिसासाठी जेमतेम महिना. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. बारीकसारीक गोष्टींना मी भीत नाही.

वहिनी म्हणाली, एजंट लावू या का? मी नुसता हसलो. ज्याला स्वतःचा फॉर्म भरता येत नाही त्याने परदेशात जाऊन करायचं काय?

वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. झालेली कामं हिरव्या शाईत, राहिलेली लाल शाईत. सध्या सगळं लाल आहे, कारण हिरवं पेन आणायचं राहिलंय.

१९ ऑगस्ट
मालकांना राजीनामा दिला. दोन ओळी पाठ करून गेलो होतो: या दुकानाने मला नजर दिली, आता जगाला नजर द्यायची पाळी माझी. मालक काच पुसत होते. व्हिसा झाला का, एवढंच विचारलं. म्हटलं, होईलच, मनाने तर मी गेलोच आहे. ते म्हणाले, ते दिसतंय, सकाळी एका बाईंच्या फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवलीस.

निरोप भावुक झाला.

२१ ऑगस्ट
फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर प्रश्न: आपण अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता? घरी मला बोक्या म्हणतात. खोटं कशाला बोला, लिहिलं. वहिनीने पाहिलं आणि खोडलं. पुढे, गेल्या दहा वर्षांतले प्रवास. मी आत्याच्या गावापासून सुरुवात केली. "भाऊजी, परदेशातले विचारलेत," म्हणाली.

थोडा वेळ काही टाइप केलं नाही की ती वेबसाइट आपोआप बंद पडते. विचार करून लिहिणाऱ्या माणसाची सोयच ठेवलेली नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बंद. शेवटी वहिनी लॅपटॉपसमोर बसली आणि मी देखरेख केली. देखरेख हे वेगळं कौशल्य आहे, सगळ्यांना जमत नाही. जेवायच्या आत फॉर्म पूर्ण!

२३ ऑगस्ट
फोटो. नियम असे: चष्मा नको, हसू नको, मागे पांढरा पडदा. चष्मा काढल्यावर फोटोग्राफर नेमका कुठे उभा आहे तेच मला कळेना. तो म्हणे, कॅमेऱ्याकडे बघा. मी बघतच होतो. निघालं असं की तो स्टँडवरचा पंखा होता.

आई म्हणाली, बसमध्ये पिशवी विसरलेल्या माणसासारखा दिसतोयस. असू दे. अशा माणसाची कुणालाही दया येते.

संध्याकाळ: फोटो परत काढावा लागणार. कान दिसत नाहीयेत.

२६ ऑगस्ट
अपॉइंटमेंटचे स्लॉट सगळे भरलेले. नवे स्लॉट भल्या पहाटे सुटतात असं कळलं. गजर लावला. उद्यापासून रोज पहाटे उठायचं, व्हिसानंतरही. त्याच वेळात व्यायामही होईल.

२७ ऑगस्ट
गजर वाजला होता असं आईचं म्हणणं. सगळी आळी उठली म्हणे. वहिनीने पुतणीच्या वेण्या घालता घालता एका हाताने स्लॉट घेतला. २ सप्टेंबर! मोबाइल माझाच होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

३० ऑगस्ट
मेडिकल. छातीचा एक्स-रे. तिथल्या बाई म्हणाल्या, श्वास रोखा. मी इतका मन लावून रोखला की "झालं" म्हटलेलं ऐकूच आलं नाही. रांगेतल्या पुढच्या गृहस्थांनी पाठीवर थाप मारली तेव्हा सोडला. छाती स्वच्छ आहे.

हिरवं पेन आणलं. वेळापत्रक सापडत नाही. पुतणीने त्यामागे चित्र काढून ते शाळेत नेलं म्हणे. बाईंनी 'छान' दिलं.

२ सप्टेंबर
व्हिसा सेंटर. बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की पुढचं. सोपं काम. माझा अंगठा ठेवला. लाल. पुन्हा लाल. तर्जनी, लाल. समोरच्या मुलीने काच पुसली, माझे हात पुसले, मग तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी माझी बोटं उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, काम काय करता?

इतकी वर्षं घासणीच्या चाकावर भिंगं धरून धरून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. मशीनच्या दृष्टीने मला बोटंच नाहीत. मी कौतुकाने सांगितलं की आमच्या दुकानात एवढी गुळगुळीत कड दुसऱ्या कुणाला येत नाही. साहेब म्हणाले, दिसतंय. आठवडाभर हाताला विश्रांती द्या, रोज तेल चोळा, मग या.

आठवडा! माझ्याकडे आठवडे आहेत कुठे?

५ सप्टेंबर
निघेपर्यंत दुकानात जाणार होतो, तेही बंद. भांडी बंद. वहिनी तर मला कुलूपही उघडू देत नाही. आई रोज दुपारी समोर बसवून एकेक बोट चोळते. मी तिला परदेशातल्या माझ्या दिनक्रमाबद्दल सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. बोटाचं टोक चाचपत म्हणाली, "इतकं झिजलंय, दुखत असेल रे. कधी बोलला नाहीस."

म्हटलं, दुखत नाही.

तेल फार उग्र आहे. डोळ्यांत पाणी येतं.

९ सप्टेंबर
ठसे आले! दहाच्या दहा! शेवटची करंगळी हिरवी झाल्यावर मी टाळी वाजवली. समोरच्या मुलीनेही वाजवली. मुलाखत १३ तारखेला. आता काय, माझा हातखंडा विषय.

१२ सप्टेंबर
रंगीत तालीम. वहिनी अधिकारी झाली, पुतणी शिपाई. वहिनीने विचारलं, हाच कोर्स का? मी मानवजातीच्या दृष्टीपासून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने तिने हात वर केला. म्हणाली, भाऊजी, एवढंच सांगा: मला चष्मे बनवता येतात, डोळे तपासता येत नाहीत, ते शिकायचंय.

इतकं साधं? अधिकाऱ्याला वाटेल, या माणसाला काहीच येत नाही. मी माझंच उत्तर ठेवलं.

१३ सप्टेंबर, दुपार
मुलाखत जबरदस्त झाली!!

काचेपलीकडे एक बाई. कागद वाचताना हनुवटी वर करत होत्या. माझ्या लगेच लक्षात आलं, जवळचं बघायचा नंबर काचेत फार खाली बसवलाय. दिवसभर असं केल्यावर मान दुखणारच. राहवलं नाही, विचारलं. त्या चकित झाल्या. दुखते म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? मग काय! काचेचा मध्य, फ्रेमचा कल, नाकावरची पकड, सगळं समजावलं. मागे रांग वाढत होती, पण बाई ऐकत होत्या, लिहूनही घेत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, एवढं येतं तर हा कोर्स तुम्हाला नवीन काय शिकवणार? मी मोकळेपणाने हसलो. म्हटलं, खरं सांगू, फारसं काही नाही.

त्यांनी तेही लिहून घेतलं.

१४ सप्टेंबर
आईने मामा-मामींना रविवारी जेवायला बोलावलंय, मला निरोप द्यायला. दादा म्हणतो, आधी पासपोर्ट येऊ दे. दादाचा स्वभावच तसा. लग्नातसुद्धा अक्षता पडेपर्यंत त्याची खात्री नव्हती.

१८ सप्टेंबर
पासपोर्ट आला. आत व्हिसा नाही. एक कागद आहे. 'अर्जदारास संबंधित विषयाचे उत्तम ज्ञान आहे.' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वरच्या पातळीवर माझं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. मग वहिनीने कागद घेतला आणि पुढचं वाक्य वाचलं. 'त्यामुळे सदर अभ्यासक्रम करण्याचा हेतू स्पष्ट होत नाही.'

नामंजूर.

पुन्हा अर्ज करता येतो, पण तोवर कोर्स सुरू झालेला असेल. कॉलेज म्हणतं, जागा पुढच्या वर्षीसाठी ठेवू. वहिनीने कागदाची घडी घालून पासपोर्टात ठेवली. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. ते म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ साधून सांगायचं ठरवलंय.

१९ सप्टेंबर, रविवार
योग्य वेळ साधली नाही.

मामींनी माझ्यासाठी लोकरीची टोपी विणून आणली. सगळ्यांसमोर घालून बघायला लावली. मामांनी विचारलं, मग कधी निघायचं? टोपी डोळ्यांवर आली होती, त्यामुळे कुणाचे चेहरे दिसत नव्हते. तेवढं बरं झालं. म्हटलं, तारीख जरा पुढे गेलीय.

जरा म्हणजे किती?

वर्षभर.

मग मामी म्हणाल्या, बरंच झालं, टोपी सैल झालीय, तेवढ्यात आवळून देते. दादाने मामांना आणखी भात वाढला. मामांनी नको म्हटलं नाही.

पाहुणे गेल्यावर आईशी बोलायला स्वयंपाकघरात गेलो. मनात सगळं जुळवलं होतं. अपयश कसं तात्पुरतं असतं, कागदावर माझ्या ज्ञानाबद्दल नेमके कोणते शब्द आहेत, वगैरे. ती ओटा पुसत होती. मागे वळून न बघताच म्हणाली, "मग उद्या डबा करायचा ना?"

हो म्हणालो.

२० सप्टेंबर
दुकानात गेलो. मालकांना सांगायला एक वाक्य तयार होतं, त्यांनी काही विचारलंच नाही. बहुतेक दादाने फोन केला असावा. तपासणीच्या खोलीत एक आजोबा बसले होते. मालक म्हणाले, घासणीचं नंतर, इथे उभा राहा आणि मी काय करतो ते बघ. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत फक्त केर काढायला आणि चहा द्यायला गेलो होतो.

उभा राहिलो. मालकांनी दिवा मालवला. एका नळीतून आजोबांच्या डोळ्यात बारीकशी उजेडाची रेघ सोडली, ती हळूहळू इकडून तिकडे हलवली, एक भिंग काढून दुसरं घातलं, पुन्हा रेघ हलवली. आजोबांना काही विचारलंसुद्धा नाही आणि कागदावर नंबर लिहिला. मग आजोबांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

आजोबा गेल्यावर मालकांनी विचारलं, काय कळलं?

म्हटलं, काहीच नाही.

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.