चॅपलच्या चढावरचा हॅन्डब्रेक

अतोक, १९ मे १९९९

चि. सेफेरिनो यास, थोरल्या भावजयीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, व्हॅन मात्र अजून त्याचीच वाटते. मार्चमध्ये चॅपलच्या चढावर हॅन्डब्रेक ओढून मी मिलाग्रोसला उचलून घ्यायला उतरले. तिच्या पायांत जोर नाही, तुला ठाऊक आहे. आणि सहा पोरं बसलेली गाडी वीतभर मागे सरकली. खाली दरी. शेजारच्या सिक्स्तो लाकायने, त्या म्हाताऱ्याने, रोजच्यासारखा चाकामागे दगड लावला होता, म्हणून थांबली. सात जूनला शाळा उघडते. तोवर ब्रेक धरला नाही तर मी पोरं नेणार नाही.

तुझ्या भावाचं, अन्सेल्मोचं इंग्रजीतलं दुरुस्तीचं पुस्तक घेतलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि मागची दोन्ही चाकं उघडली. चाक आतून दाबून धरणारे हॅन्डब्रेकचे शू, स्प्रिंगा, खिळे सगळं एका घमेल्यात टाकलं. मग पान उलटलं. तिथे लिहिलेलं, एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुना म्हणून बघायला राहू द्या. तुझा भाऊ आधी शेवटपर्यंत वाचायचा. कुठली स्प्रिंग कुठे, लवकर कळव.

तुझी मनांग,
रुफिना

मनिला, २५ मे

थोरल्या बहिणीसमान ती. मनांग रुफिना यांस, धाकट्या दिराचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गॅरेजात मोठ्याने वाचलं. घमेल्यापाशी सगळे हसले, दरीचं मात्र एकाने पुन्हा वाचायला लावलं. चित्र काढून पाठवतो आहे. लांब स्प्रिंगा वर, आखूड खाली. शू दाबून धरणाऱ्या बारक्या स्प्रिंगा पकडीने दाबून वळवा, आणि चष्मा घाला, त्या उडतात. मालक पंधरा तारखेआधी रजा देत नाही. मी येईपर्यंत थांबा, असं लिहितो आहे. तुम्ही थांबणार नाही, हेही माहीत आहे.

आशीर्वाद असू द्यावेत.
सेफेरिनो

अतोक, ३१ मे

चि. सेफेरिनो यास, अ. आ. वि. वि.

बसला रे ब्रेक. एक स्प्रिंग उडाली ती कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. सगळं रॉकेलमध्ये धुतलं. गंजू नये म्हणून, आपण कोयत्याला लावतो तशी, शूंनासुद्धा डुकराच्या चरबीचा हात फिरवला. चॅपलच्या चढावर उभी केली, सिक्स्तो लाकायने दगड लावला आणि मी उतरून दूर उभी राहिले. तसूभर हलली नाही. सोमवारी पोरं नेते.

तुझी मनांग,
रुफिना

मनिला, ५ जून

ती. मनांग यांस,

टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे बसच्या कंडक्टरच्या हाती देतो. शूंना चरबी लावली असेल तर ब्रेक धरणारच नाही, नुसता घसरेल. त्या दिवशी गाडी तुमच्या ब्रेकने नाही, दगडाने धरली. पोरं बसवू नका. हात जोडतो.

सेफेरिनो

अतोक, ७ जून

चि. सेफेरिनो यास, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी दहा वाजता हाती आलं. शाळा आठ वाजताची होती.

आधी वाच, पोरं सुखरूप आहेत. पहिला दिवस म्हणून चढावर सातही पोरं जमली होती, मिलाग्रोस आईशेजारी कट्ट्यावर बसलेली. सिक्स्तो लाकाय दगड घेऊन वाकला तर मला राग आला. म्हटलं, "लाकाय, आज दगड नको. माझं काम बघा." पोरांनाही चॅपलच्या भिंतीशी थांबून बघायला सांगितलं. मिरवायचं होतं मला. ब्रेक ओढून उतरले, दार लावलं, आणि गाडी मागे निघाली. लाकायच्या घेवड्याचे मांडव मोडत दरीच्या अलीकडच्या बांधाला अडकली.

मिलाग्रोसच्या आईने तिला उचललं आणि मला म्हणाली, "मनांग, ब्रेक पुन्हा बसवाल तेव्हा मला हाक मारा. मी शेजारी बसून बघेन." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शू फुकट गेले, चरबी आत मुरली आहे. नवे तू घेऊन ये. आज डावंच चाक उघडलंय, उजवं बंद आहे.

गाडी निघाली तेव्हा मी "थांब" म्हणाले. तुझ्या भावालाही इस्पितळात हेच म्हणाले होते. दोघांनी ऐकलं नाही. ही निदान चौघांनी दोर लावून वर ओढून आणता आली.

पंधराला भात तुझ्या नावाचा टाकते. लोभ आहेच, तोही घेऊन ये.

तुझी मनांग,
रुफिना