मेकनमधला सगळ्यात सुरक्षित माणूस

१३ जानेवारी २००४, मंगळवार

शून्य! नर्सबाईंनी फॉर्म भरताना विचारलं — गेल्या तीन महिन्यांत किती पुरुषांशी संबंध आला? शून्य. वर्षभरात? शून्य. पाच वर्षांत? त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर हॉलिस, तुम्ही मेकनमधले सगळ्यात सुरक्षित माणूस आहात!" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन उभ्याउभ्याच जेवलो. माझा जोडीदार वेंडेल जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी हात लावलेला नाही. न्हावी सोडून.

क्लिनिकच्या एचआयव्ही रोखण्याच्या या वर्गात माझं नाव बारवाल्यानं दिलं. म्हणे, आपल्यातले लोक मिस्टर हॉलिसचं ऐकतात. मी तर शुक्रवारी जाऊन एक बिअर घेतो आणि दुसऱ्यांचं ऐकतो! क्लिनिकवाल्यांना अशीच माणसं हवी आहेत. चार मंगळवार शिकायचं आणि मग बारमध्ये ओळखीच्यांशी बोलायचं — कंडोम, तपासणी, सगळं. आपल्यातली माणसं आपल्याच माणसाचं ऐकतात, असा त्यांचा हिशोब.

१४ जानेवारी

दिवसभर टपाल वाटलं. सगळे दारातून "काय हॉलिस!" म्हणतात. पत्र घेतात, दार लावतात.

२० जानेवारी, मंगळवार

आज जोड्या लावून सराव. शिकवणारा लाव्हेल म्हणाला, एकानं जोडीदार व्हायचं, दुसऱ्यानं न लाजता विषय काढायचा. माझ्यासमोर अँब्रोज टार्व्हर. साठीचा, निवृत्त गवंडी, हात विटांसारखे.

मी घसा खाकरला. "आपण... पुढे जायच्या आधी... दोघांनी तपासून घेऊ. आणि कंडोम माझ्याकडे आहेत."

तो म्हणाला, "एवढं गोड बोलताय, पण जेवायला कधी नेणार ते सांगा!"

लाव्हेलसुद्धा हसून हसून खाली बसला. माझे कान तापले. अजून तापलेत.

२३ जानेवारी, शुक्रवार

बारमध्ये कॉर्नेलला गाठलं. कॉर्नेल बायकांचे केस करतो, जिभेला हाड नाही. लाव्हेलनं सांगितलंय — उपदेश करू नका, स्वतःचं सांगा. म्हणून म्हटलं, "मी तर नेहमी कंडोम वापरतो."

"कुणाबरोबर? टपालपेटीबरोबर?"

शेजारचे खिदळले. तरी मी रेटलं. एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही, सगळं पाठ म्हटलं. तो म्हणाला, "मिस्टर हॉलिस, तुम्ही साधू आहात. साधूनं आम्हा पाप्यांना काय शिकवावं?"

२७ जानेवारी, मंगळवार

हे लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

वर्ग सुटल्यावर अँब्रोजबरोबर मासळीच्या हॉटेलात गेलो. (जेवायला नेणं झालं!) तळलेला कॅटफिश, मक्याचा पाव. बांधलेल्या एकेक भिंतीची गोष्ट सांगत होता. शेवटी पीचचा गोड पदार्थ आला. त्यानं खाल्ला आणि सहज म्हणाला, "एक आधीच सांगतो. मला एचआयव्ही आहे. नऊ वर्षं झाली. गोळ्या घेतो, ठणठणीत आहे." आणि आपल्याच चमच्यानं घास पुढे केला. "घ्या, चाखून बघा."

माझा हात मागे गेला. आपोआप! मी मागे घेतला नाही — गेला.

त्यानं पाहिलं. चमचा खाली ठेवला. "बरं," म्हणाला. टोपी घेतली आणि निघून गेला.

२८ जानेवारी

उष्ट्या चमच्यानं होत नाही. हे मी शुक्रवारी कॉर्नेलला सांगितलं. मीच!

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा वर्ग. प्रमाणपत्रं दिली, टाळ्या झाल्या. अँब्रोज आला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून थेट त्याच्या घरी गेलो. व्हरांड्यात उभं ठेवलं, आत या म्हणाला नाही. माफी मागितली.

"माझी बहीण सणाला सगळ्यांना काचेच्या ताटात वाढते आणि मला कागदाच्या," तो म्हणाला. "तिचा राग येत नाही. तिला कळत नाही. पण तुम्ही? तुम्ही तर दुसऱ्यांना शिकवता."

मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेलो. वेंडेल एड्सनं आजारी होता तेव्हा मी त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं. निळं. उकळत्या पाण्यात धुवायचो. अकरा वर्षांचा एकत्र संसार, आणि शेवटच्या उन्हाळ्यात मी कोचावर झोपायला गेलो. त्याला म्हटलं, तुझी झोपमोड नको. तो निमूटपणे त्या ताटात जेवला. तो गेला तेव्हा पोस्टात सांगितलं — माझा भाडेकरू वारला.

अँब्रोज दाराकडे वळला. "आता निघा. आज मला झेपणार नाही." दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉर्नेल पुन्हा चिडवायला आला. या वेळी पाठ म्हटलं नाही. निळ्या ताटाचं सांगितलं. मी साधू नाही, घाबरट आहे, म्हणून शून्य — हेही सांगितलं.

तो हसला नाही. अगदी हळू म्हणाला, "मी कधीच तपासलेलं नाही. उद्या याल माझ्याबरोबर? एकट्यानं नाही जमायचं."

१४ फेब्रुवारी

कॉर्नेलला एचआयव्ही नाही! बाहेर येऊन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. खांद्यावर हात ठेवला. तो थांबेपर्यंत राहू दिला.

हे अँब्रोजला सांगावंसं वाटलं. फोन उचलला आणि ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी

काही नाही. टपाल. टीव्ही. झोप.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दार वाजलं. अँब्रोज! हातात हिरव्या पालेभाजीची ही भली मोठी पिशवी.

"मोठं पातेलं आहे का?"

तो भाजी निवडत होता, मी धूत होतो. मध्येच हात थांबवून विचारलं, "अजून भीती वाटते माझी?"

"वाटते," म्हटलं. "थोडी."

"नाही म्हणाला असतास ना, तर भाजी उचलून गेलो असतो." पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "थोडी चालते. मलाही वाटते. तुला काही होईल याची."

मग स्वयंपाकघरातच सगळं बोललो. काय करायचं, काय नाही, काय वापरायचं, मला दर किती महिन्यांनी तपासायचं. वर्गात बोललो होतो तेच, पण हसू येत नव्हतं.

जेवून तो घरी गेला. जाताना म्हणाला, "घाई नाही, हॉलिस."

७ मार्च, रविवार

सकाळचे साडेसहा. कागद वाजू नये म्हणून हळू लिहितोय. अँब्रोज अजून झोपलाय. भिंत पाडावी तसा घोरतो!