माझ्यामागे टाळ्या नकोत

मी, खाली सही करणारी, वय सत्तावन्न, अविवाहित, मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढलेली, गेल्या वर्षी राजीनामा देऊन घरी बसलेली, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे जे सांगायचे ते डॉक्टरांनी सांगितले आहे. कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या धाकट्या भावाची हत्यारांची पेटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला द्यावी. भाऊ त्याच कंपनीत घरोघरी जाऊन दुरुस्ती करी. पुढे वरून हुकूम आला की दुरुस्त करू नका, नवीन घ्यायला लावा. हा मात्र लोकांच्या स्वयंपाकघरात बसून वायर जोडून देई, त्यामुळे त्याची विक्री कायम तळाला. शेवटी थकला आणि सांगतील तसे विकू लागला. नवा मिक्सर खांद्यावर घेऊन गिऱ्हाइकाचा जिना चढताना तो गेला.

साक्षीदार म्हणून मी आधी दुरुस्तीवाल्यालाच विचारले होते. ज्याला काही मिळणार त्याची सही चालत नाही, हे कळल्यावर तो म्हणाला, "मग ताई, पेटी माझी, सही दुसऱ्या कुणाची तरी बघा." बरोबर बोलला.

२. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. कंपनीत दर सोमवारी सगळ्यांना उभे करून साहेब एकेकाचे नाव आणि त्याची विक्री वाचत, आणि प्रत्येक नावाला तीन टाळ्या पडत. भावाची शोकसभा सोमवारीच, त्याच वेळेला, त्याच खोलीत ठेवली. साहेबांनी त्याचे नाव घेतले. "आपल्या कुटुंबातला माणूस. बावीस वर्षं. एकही तक्रार नाही," असे म्हणून ते थांबले, आणि खोलीभर तीन टाळ्या पडल्या. मुद्दाम कोणीच वाजवल्या नाहीत. हातांना सवय होती. साहेब पाणी प्यायले आणि पुढच्या महिन्याच्या विक्रीकडे वळले. पहिल्या रांगेत बसलेल्या भावजयीने मला हळूच विचारले, "ताई, टाळ्या कशाबद्दल?"

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. त्या खोलीची किळस अजून गेलेली नाही. कंपनीतले कोणी भेटायला आलेच तर चहा द्यावा, बोलायला उभे करू नये.

३. बँकेतील शिल्लक भावजयीला. तिने ती स्वतःवर खर्च करावी. करणार नाही, तरी लिहून ठेवते.

४. निरोपाच्या वेळी मिळालेले काचेचे सन्मानचिन्ह भंगारवाला घेत नाही, विचारून पाहिले आहे. कचऱ्यात टाकावे.

५. स्वयंपाकघरातल्या खणात लाकडी दांड्याची हातोडी आहे. नवे मॉडेल बाजारात आले की जुन्या मॉडेलचे कोरे भाग, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेले, मला या हातोडीने फोडावे लागत. जुनी यंत्रे कोणी दुरुस्त करून वापरू नयेत म्हणून. साहेब शेजारी उभे राहून बघत. त्याच वेळी खिडकीवर त्याच भागांसाठी आलेली माणसे 'शिल्लक नाही' ही पाटी वाचून परत जात. हातोडी कंपनीची आहे, मी न विचारता आणली आहे. कंपनीने मागितली तर परत करावी, मात्र मागायला येणाऱ्याने ती कशासाठी होती ते आधी सर्वांसमोर सांगावे.

६. राहते घर, दोन खोल्या आणि बाल्कनी, भाचीला. ती आणि भावजय भाड्याच्या घरात राहतात, आणि भाडे डोक्यावर असताना माणूस कशालाही हो म्हणतो. तिला कंपनीने वडिलांच्या जागेवर बोलावले आहे, या आठवड्यात उत्तर हवे आहे. म्हणून मी या कलमात अट घातली होती की तिने त्या कंपनीत कधीही नोकरी करू नये, केल्यास घर मिळणार नाही. काल संध्याकाळी तिला वाचून दाखवले. तिने कप खाली ठेवला.

"आत्या, त्यांच्या कागदावर पण असंच आहे. हे केलंस तर ते मिळेल."

"मी तुझ्या भल्यासाठी लिहिलंय गं."

"ते पण हेच म्हणाले."

मग ती उठली आणि दोघींचे कप विसळून ठेवले.

अट मी खोडली आहे, शेजारी माझी सही आहे. वकील म्हणाले, कागद नव्याने लिहा. मी नको म्हटले. खोडलेले वाचता येते, येऊ द्यावे. घर तिला विनाअट दिले आहे. माझ्या मरणाची वाट बघत तिने भाडे भरत राहावे हे मला पटत नाही, म्हणून दुसरी किल्ली आजच तिच्या हातात दिली. मायलेकी रविवारी सामान आणणार आहेत. नोकरीचे काय ठरवले ते तिने मला सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खोडलेल्या ओळींसह तो माझा आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: राहते घर, बाल्कनीलगतची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार